मोटारीची पेन्शनर बॅटरी आणि घरची सौरवीज

जुनी वस्तु सहसा टाकून द्यावयाची नाहीं, असा आपल्या घरांतला पूर्वीचा प्रघात होता. आजीचें लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई. आजोबांच्या धोतराचीं तान्ह्या बाळासाठीं दुपटीं होत. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब गळूं लागला तर त्यास डाख लावून आणखी चार वर्षें राबविण्यांत येई, आणि अगदींच निरुपयोगी झाल्यावर तो मोडीच्या भावानें तांबटाकडे जाई. ह्या व्यवहारांत काटकसर तर होतीच. परंतु काटकसरीहून मोठी अशी एक समजूतही होती. एखादें काम वस्तूकडून होईनासें झालें म्हणजे तिच्यांतील सर्वच सामर्थ्य संपलें असें होत नाहीं, ही ती समजूत होय. पेन्शन घेतलेले गृहस्थ कचेरींत जात नाहींत. पण नातवंडांचा अभ्यास घेतात, दूधवाल्याचा हिशेब ठेवतात, बँकेचीं व बिलांचीं कामें निस्तरतात, आणि घराचा निम्मा भार त्यांच्याच खांद्यावर असतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांसंबंधानें हाच विचार आज जगांतील अनेक देशांत चालू आहे. मोटार ओढण्याचें काम जिच्याकडून आतां नीट होत नाहीं, अशी बॅटरी घराच्या गच्चीवरील सौरवीज सांठविण्यास उपयोगी पडेल काय? पडत असल्यास सामान्य कुटुंबानें ती घ्यावी काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र एका शब्दांत देतां येत नाहीं. कारण ही वस्तु लुगड्यासारखी निरुपद्रवी नाहीं. घरांत म्हातारीं माणसें असतात, रांगणारीं मुलें असतात. तेव्हां चार पैसे वांचविण्याच्या भरांत आपण घरांत काय आणून ठेवीत आहों, हें कर्त्या माणसानें समजून घेतलेंच पाहिजे. त्या समजुतीस थोडें साहाय्य व्हावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गच्चीवर सूर्य, घरांत अंधार

सौर पॅनेलांचा प्रसार आपल्याकडे हल्लीं झपाट्यानें होत आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली व एक कोटी घरांचें उद्दिष्ट ठेवलें. पहिल्या दोन किलोवॉटांस दर किलोवॉटीं ३० हजार रुपये व तिसऱ्यास १८ हजार, असें एका घरास जास्तींत जास्त ७८ हजार रुपयांचें साहाय्य त्या योजनेंत ठरलें. हें साहाय्य पॅनेलांच्या क्षमतेवर मोजलें जातें; बॅटरीचा त्यांत विचार नाहीं. म्हणून बहुतेक घरांत पॅनेलें येतात, बॅटरी येत नाहीं. दिवसां उरलेली वीज तारेवाटें बाहेर जाते, रात्रीं लागेल तेवढी तारेवाटेंच परत येते, आणि मीटर दोहोंची वजाबाकी करतो. ही सोय उत्तम आहे. जेथें पुरवठा अखंड आहे तेथें ही बाहेरची तारच घराची बॅटरी होय, आणि वेगळी बॅटरी घेऊन पैशाच्या दृष्टीनें फारसें कांहीं साधत नाहीं.

परंतु पॅनेलें बसवून झाल्यावर पुष्कळ कुटुंबांस एक चमत्कारिक अनुभव येतो. भर दुपारीं बाहेरचा पुरवठा बंद पडला कीं, गच्चीवर ऊन रणरणत असतांही घरांतले पंखे थांबतात! ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनास खालून आलेल्या विजेचा धक्का बसूं नये म्हणून, पुरवठा जातांच सौर इन्व्हर्टरानें स्वतः बंद व्हावें असा नियमच आहे. पुरवठा नसतांना घर चालवावयाचें तर घराची वीज बाहेरच्या तारेपासून तोडून धरणारा 'हायब्रिड' जातीचा इन्व्हर्टर लागतो, आणि त्याच्या जोडीस बॅटरी लागते. ज्या गांवांत अद्यापि वारंवार वीज जाते, ज्या घरांत रुग्णाच्या उशाशीं प्राणवायूचें यंत्र चालू ठेवावें लागतें, किंवा ज्या शेतघरापर्यंत तार पोंचलेलीच नाहीं, तेथें बॅटरी ही चैन नव्हे. पूर्वी गृहिणी रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं झांकून ठेवीत, तो सकाळीं काडी न ओढतां विस्तव मिळावा म्हणून. बॅटरीचें काम त्याहून वेगळें नाहीं.

घराची गरज केवढी?

आतां एका मध्यम एकत्र कुटुंबाचा रात्रीचा हिशेब मांडूं. सायंकाळीं सातपासून सकाळीं सातपर्यंत सूर्य नाहीं असें धरलें. चार पंखे, प्रत्येकीं ६० वॉटचे, नऊ तास चालले तर २ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. दहा वॉटचे आठ दिवे चार तास लावले तर पाव युनिटाहून थोडी जास्त. फ्रीजला रात्रभरांत अर्ध्या युनिटाच्या आसपास. दूरचित्रवाणी, मुलांचे संगणक, मोबाइल, सकाळचा मिक्सर हे सर्व मिळून पाऊण युनिट. एकूण बेरीज चार युनिटांच्या आंतबाहेर येते. गीझर, इस्त्री व वातानुकूलनाचें यंत्र हे मोठे खादाड आहेत. त्यांस ह्या पंगतींत बसवूं नये.

हीं चार युनिटें आपल्या ओळखीच्या शिशाच्या बॅटरीकडून घ्यावयाचीं म्हटलीं तर काय होतें तें पाहा. इन्व्हर्टरबरोबर येणारी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिटें धरते. परंतु तिला निम्म्याहून खालीं रोज उतरविल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे हातीं सुमारें ०.९ युनिट. चार युनिटांस अशा पांच बॅटऱ्या लागतील. त्यांचें वजन पाऊणशेर-शेराचें नव्हे, अडीचशें किलोच्या पुढें जाईल. त्यांत वेळोवेळीं शुद्ध पाणी घालावें लागेल, आणि चार-पांच वर्षांनीं सर्व बदलाव्या लागतील.

आतां मोटारीकडे वळूं. पुण्याजवळील रांजणगांव येथें तयार होणारी टाटांची विजेवरील 'नेक्सॉन' २०२० च्या जानेवारींत विक्रीस आली. तिच्या पहिल्या जातीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे व्यवहारांतील ३०.२ युनिटांची होती. ती वापरून वापरून पाऊणावर आली असें समजूं. तरी तिच्यांत साडेबावीस युनिटें उरतात. आपल्या चार युनिटांसाठीं, मार्गांतील गळती व थोडें राखून वापरण्याची शिस्त धरून, सुमारें साडेसात ते आठ युनिटांची क्षमता पुरते. म्हणजे मोटारीस अपुरी पडूं लागलेली एक बॅटरी तीन घरांची रात्र उजळूं शकते. ह्या एका गणितामुळेंच हा विषय जगभर शास्त्रज्ञांच्या व व्यापाऱ्यांच्या डोक्यांत घोळूं लागला.

बॅटरीचें म्हातारपण

पाऊणावर आलेली बॅटरी मोटारीस नकोशी कां व्हावी? कारण मोटारीचें काम मोठें हुमदांडगें आहे. चढावर किंवा वेग घेतांना ३० युनिटांच्या बॅटरीकडून क्षणभर ९० किलोवॉटांच्या हिशेबानें वीज ओढली जाते. त्याच दमानें ती चालली तर वीस मिनिटांत रिकामी व्हावी. उलट, घराचें काम एक-दोन किलोवॉटांचें. त्या दमानें तीच बॅटरी दहा-वीस तास पुरते. शिवाय मोटारींत बॅटरीनें जागा व वजन अडविलेलें असतें. पल्ला चौथाईनें घटला कीं मालकास पुण्याहून कोल्हापुरास निघतांना धाकधूक वाटूं लागते. घरांतली बॅटरी कोठें जावयाची नसते. ती थोडी जड असली तर बिघडत नाहीं.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय, हेंही थोडक्यांत समजून घेण्याजोगें आहे. लिथियमच्या घटांत एका बाजूस ग्राफाइट असतें व दुसऱ्या बाजूस धातूंचें ऑक्साइड किंवा फॉस्फेट. घट भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण ग्राफाइटाच्या थरांत जाऊन बसतात. वीज वापरतांना ते माघारीं फिरतात. ही ये-जा हजारों वेळां चालते. परंतु ग्राफाइटावर हळूहळू एक पापुद्रा धरतो आणि दर फेरींत थोडेंसें लिथियम त्यांत कायमचें अडकून पडतें. बंबांत जसा क्षार सांचतो व पाणीही कमी मावतें आणि तापावयास वेळही लागतो, तसेंच येथेंही दुहेरी होतें : सांठवण घटते, आणि आंतील विरोध वाढतो. उष्णता हा ह्या म्हातारपणाचा सर्वांत मोठा मित्र. कांठोकांठ भरून ठेवण्याची संवय हा दुसरा.

उष्णतेचा प्रताप जगानें एकदां चांगलाच पाहिला आहे. जपानच्या निसान कंपनीची 'लीफ' ही मोटार २०१० च्या डिसेंबरांत बाजारांत आली. तिची बॅटरी २४ युनिटांची. तींत ४८ मॉड्यूलें, प्रत्येक मॉड्यूलांत चार घट, असे एकूण १९२ घट होते. बॅटरी थंड राखण्यासाठीं द्रवाची योजना तींत नव्हती. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांतील फिनिक्स शहर वाळवंटांत वसलेलें आहे. तेथील मालकांच्या बॅटऱ्या अपेक्षेहून लवकर उतरूं लागल्याच्या तक्रारी २०१२ सालीं गाजल्या, आणि पुढच्या वर्षीं कंपनीनें क्षमतेच्या घसरणीबद्दल हमी वाढवून दिली. चंद्रपूर, अकोला, जळगांव येथील वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोटार कोणत्या गांवांत फिरली, उन्हांत उभी राहत होती कीं सावलींत, ह्यावर तिच्या बॅटरीचें उरलेलें आयुष्य किलोमीटरांच्या आंकड्याइतकेंच अवलंबून असतें.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. सर्व लिथियम बॅटऱ्या एका रसायनाच्या नसतात. निकेल, मँगनीज व कोबाल्ट वापरणाऱ्या जातींत थोड्या वजनांत पुष्कळ वीज मावते, परंतु अतिशय तापल्यास तिच्यांतूनच प्राणवायु सुटतो व आगीस खतपाणी मिळतें. लोह-फॉस्फेटाची जात थोडी जड, पण स्वभावानें शांत व दीर्घायुषी. ह्या दुसऱ्या जातीचा पाया घालणारा निबंध १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांतून प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत जॉन गुडइनफ ह्यांच्याबरोबर अक्षय पाधी व नंजुंडस्वामी हे दोन भारतीय होते, हें आमच्या वाचकांस अभिमानाचें वाटेल. गुडइनफ ह्यांस २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, दोन सहकाऱ्यांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. घरांत बॅटरी ठेवावयाची झाल्यास लोह-फॉस्फेटाचीच शोधावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. धोका तिच्यांतही शून्य नाहीं. पण शांत बैल व मारका बैल ह्यांत जो फरक, तो येथें आहे.

नामिए गांवचा कारखाना

हें काम पद्धतशीरपणें कसें होतें हें पाहावयाचें असेल तर जपानांतील नामिए ह्या गांवाकडे पाहावें. २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुकेंद्रांत जो अपघात झाला, त्यामुळें हें सारें गांव रिकामें करावें लागलें होतें. वर्षें लोटल्यावर रहिवाशांस परतण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां त्यांच्यासाठीं कामधंदा उभा करणें प्राप्त झालें. निसान व सुमितोमो ह्यांनीं मिळून २०१० सालींच 'फोर-आर एनर्जी' नांवाची कंपनी स्थापिली होती. तिनें २०१८ च्या मार्चमध्यें तेथें जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना उघडला.

तेथें येणारी प्रत्येक पेटी उघडून तिचीं ४८ मॉड्यूलें तपासतात व त्यांची प्रतवारी लावतात. उत्तम प्रतीचीं पुन्हां मोटारींतच जातात. मधल्या प्रतीचीं कारखान्यांतील मालवाहू गाड्यांस व मोठ्या संचय-यंत्रांस. खालच्या प्रतीचीं, पुरवठा खंडित झाल्यास दुकानांतून आधार म्हणून उपयोगी पडणाऱ्या यंत्रांस. प्रारंभीं एका पेटीची तपासणी करण्यास अनेक दिवस लागत; पुढें पद्धत सुधारल्यावर तें काम कांहीं तासांवर आलें. त्याच फुकुशिमा प्रांतांत, मिनामिसोमा येथील एका रेल्वे-फाटकावर २०२१ सालीं शिशाच्या बॅटऱ्यांऐवजीं ह्या जुन्या लिथियम बॅटऱ्या बसविण्याचा प्रयोग करण्यांत आला. आगगाडीच्या फाटकासारख्या जबाबदारीच्या जागीं पेन्शनरास नेमणें, ह्यांत त्याच्या तपासणीवरचा केवढा विश्वास दिसून येतो!

ॲम्स्टरडॅम येथील योहान क्रायफ मैदानांत २०१८ च्या जूनमध्यें १४८ लीफ-बॅटऱ्यांइतका, कांहीं नव्या व कांहीं जुन्या अशा मिश्र स्वरूपाचा, संचय उभारण्यांत आला. मैदानाच्या छपरावर चार हजारांहून अधिक सौर पॅनेलें आहेत. अमेरिकेंतील नेवाडा प्रांतांत रेडवुड मटेरियल्स ह्या कंपनीनें २०२५ सालीं जुन्या मोटार-बॅटऱ्यांचा ६३ हजार युनिटांचा संचय सौर पॅनेलांस जोडून एका संगणक-केंद्रास वीज पुरविण्यास आरंभ केला. आपल्याकडे बंगळूरच्या 'नुनम' ह्या छोट्या संस्थेनें २०२२ सालीं, जर्मनीच्या ऑडी मोटारींच्या चांचणींत वापरलेल्या बॅटऱ्या रिक्षांवर बसविण्याचा उद्योग पुढें आणला. रिक्षाच्या कामासही उपयोगी न राहिलेली बॅटरी दिव्यांसारख्या हलक्या कामास द्यावयाची, असा त्यांचा बेत होता. लुगडें, गोधडी, पोतेरें ही आपल्या घरची परंपरा येथें अगदीं क्रमवार दिसते.

ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. जुनी बॅटरी तेथें सरळ मोटारींतून काढून कामास जुंपलेली नाहीं. ती जाणत्यांच्या हातून पारखली गेली आहे, आणि बहुतेक ठिकाणीं माणसांच्या निजण्याबसण्याच्या जागेपासून दूर ठेवली आहे.

धोक्याची बाजू

आतां अप्रिय पण अवश्य असा भाग आला. बाजारांत मोडक्या मोटारींच्या व दुचाकींच्या बॅटऱ्या भंगारवाल्यांमार्फत येऊं लागल्या आहेत. त्या फोडून, घट सुटे करून, त्यांची नवी पेटी बांधून देणारे कारागीरही भेटतात. हौशी तरुण तर स्वतःच घरीं हा उद्योग करूं पाहतात. त्यांच्या बुद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें. तरी पुढील गोष्टी त्यांच्या घरच्या वडील मंडळींनीं त्यांस विचारल्याखेरीज राहूं नये.

मोटारीच्या संपूर्ण पेटीचा दाब तीनशें ते चारशें व्होल्टांचा असतो. हा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह आहे. आपल्या घरचा प्रवाह सेकंदास शंभर वेळां शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझण्यास वाव मिळतो. ह्या प्रवाहाची ठिणगी पेटली कीं चालूच राहते. मोटार बंद केली म्हणून पेटी निर्वीज होत नाहीं; तिला बटण नाहीं. अशी पेटी उघडणें हें घरच्या पक्कड-पेंचकसाचें काम नव्हे, आणि नेहमींच्या वायरमनाचेंही नव्हे.

दुसरें असें कीं, शेंकडों घट एका ओळींत जोडले असतां सर्वांचें बळ सारखें नसतें. दिंडींत सर्वांत थकलेल्या वारकऱ्याच्या चालीनें चालावें लागतें. त्यास ओढीत नेलें तर तो कोसळतो. दुबळा घट आधीं रिकामा होतो व आधीं भरतो. तो भरल्यावरही वरून वीज लोटीत राहिलें तर तो तापतो, फुगतो, आणि आग लागते. म्हणून प्रत्येक घटाचा दाब व तापमान पाहून वेळींच मार्ग तोडणारी यंत्रणा, जिला 'बी. एम. एस.' म्हणतात, ती बॅटरीचा मेंदूच होय. मोटारीचा मेंदु मोटारीच्या भाषेंत बोलतो; घरचा इन्व्हर्टर ती भाषा जाणत असेलच असें नाहीं. दोघांत संवाद नसेल तर पहारेकरी ओरडत राहतो व घरधनी झोपलेला असतो, अशी गत होते.

तिसरी गोष्ट पुराची. २०२२ च्या शरदृतूंत अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत 'इयान' वादळानें समुद्राचें पाणी गांवांत शिरलें. त्यांत बुडालेल्या कित्येक विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर, दिवसांमागून दिवस लोटल्यावर, पेटल्या. खारें पाणी आंत शिरलें कीं तें हळूहळू गंज आणतें व नको तेथें वाट जोडतें. २०२१ च्या जुलैंतील चिपळूणचा महापूर ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगणें नकोच कीं, असे प्रसंग आपल्याकडेही येतात, आणि बुडालेलीं वाहनें शेवटीं भंगाराच्याच बाजारांत जातात. पुढें ती बॅटरी कोणत्या घरांत जाईल हें कोणीं सांगावें?

पुण्यांतच २०२२ च्या मार्चमध्यें एक विजेची दुचाकी रस्त्याच्या कडेला भररस्त्यांत पेटली, व त्याच सुमारास देशांत इतरत्रही असे प्रकार घडल्यामुळें सरकारनें बॅटऱ्यांच्या कसोट्या अधिक कडक केल्या. त्या वस्तु तर नव्या होत्या. लिथियमच्या आगींतून निघणारा धूर विषारी व ज्वालाग्राही असतो. ज्वाळा विझल्यासारखी वाटली तरी पुन्हां पेट घेते. तेव्हां आग लागलीच तर बॅटरी उचलून बाहेर नेण्याचें धाडस कोणीं करूं नये. माणसें बाहेर काढावीं, दार ओढून घ्यावें, व १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास बॅटरीची आग असल्याचें स्पष्ट सांगावें.

नवी कीं जुनी?

काटकसरीचा मुद्दा राहिला. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं जुन्या बॅटरीची भलामण करणें सोपें होतें. कारण नवीची किंमत आंवाक्याबाहेर होती. २०१० च्या सुमारास लिथियम बॅटरीचा भाव दर युनिटीं हजार डॉलरांहून अधिक होता. ब्लूमबर्ग संस्थेच्या पाहणीप्रमाणें २०२४ सालीं तो सरासरीनें ११५ डॉलरांवर आला. घरीं बसविलेल्या बॅटरीची किंमत अर्थातच ह्याहून पुष्कळ अधिक पडते. पण ओघ कोणत्या दिशेनें आहे तें उघड आहे. नवें जसजसें स्वस्त होतें, तसतसा जुन्याचा फायदा आटत जातो. कारण जुन्यास तपासणीची, फोडाजोडीची व नव्या पेटीची मजुरी नव्यानेंच द्यावी लागते.

म्हणून गृहस्थानें एक साधें त्रैराशिक मांडावें. किंमतीस आज उरलेल्या क्षमतेनें भागावें, आणि येणाऱ्या भागाकारास लेखी हमीच्या वर्षांनीं पुन्हां भागावें. समजा, नव्या बॅटरीस दहा वर्षांची हमी आहे व जुनीस तीन वर्षांची. तर तेवढ्याच युनिटांची जुनी बॅटरी नवीच्या तीन-दशांशाहून कमी किंमतीस मिळाली तरच ती स्वस्त म्हणावयाची. अर्ध्या किंमतीस मिळाली म्हणून हुरळून जाऊं नये. हमी मुळींच नसेल तर भागाकारास अंकच उरत नाहीं, आणि तो व्यवहार तेथेंच सोडून द्यावा.

पण पैशाबाहेरचाही एक हिशेब आहे, व सुशिक्षित कुटुंबानें तो विसरतां कामा नये. ह्या बॅटऱ्यांतील कोबाल्टचा मोठा भाग आफ्रिकेंतील काँगो देशाच्या खाणींतून येतो. तेथें मुलेंही हातांनीं माती उपसतात, हें जगजाहीर आहे. एवढ्या कष्टानें भूमींतून काढलेली वस्तु अर्धें सामर्थ्य शिल्लक असतां भट्टींत घालणें हें चांगल्या घरच्या रीतीस शोभत नाहीं. आपल्या सरकारनें २०२२ च्या ऑगस्टमध्यें बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयीं नियम केले. वापरलेली बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर वा पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी त्यांनीं ती बाजारांत आणणाऱ्यावर घातली, व जुन्या बॅटऱ्या नीट करून विकणाऱ्यांस राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करण्यास सांगितलें. जुनी बॅटरी घराच्या दाराशीं सुरक्षितपणें यावयाची असेल तर ती ह्याच वाटेनें येईल.

घ्यावयाचीच झाल्यास

तेव्हां ज्यांस खरोखर गरज आहे त्यांनीं पुढील क्रम धरावा. प्रथम, विकणारा वर सांगितल्याप्रमाणें नोंदलेला आहे ना, हें पाहावें. मग बॅटरी कोणत्या मोटारींतील, कोणत्या सालची, कोणत्या रसायनाची, आणि ती मोटारींतून कां काढली, हें लेखी मागावें. अपघातांतील किंवा पाण्यांत बुडालेल्या वाहनाची असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊं नये. पूर्ण भरून व सावकाश रिकामी करून मोजलेल्या क्षमतेचा कागद पाहावा, आणि सर्व घटांचा आंतील विरोध जवळजवळ सारखा आहे ना, तें जाणत्याकडून पाहून घ्यावें. घर-उपयोगी संच ४८ व्होल्टांच्या आसपासचा असावा. मोटारीची अखंड पेटी घरीं आणूं नये. बी. एम. एस. व इन्व्हर्टर ह्यांची जुळणी विकणाऱ्यानेंच करून, चालवून दाखवावी. आणि शेवटचें कलम असें कीं, बॅटरी पूर्ण निकामी झाल्यावर ती परत नेण्याचें त्यानें लिहून द्यावें. नाहीं तर तीच बॅटरी उद्यां एखाद्या गरीब पोराच्या हातीं हातोड्यासमोर जाईल.

जागा निवडतांना तर कर्त्या पुरुषानें घरांतील बायकांचाही सल्ला घ्यावा, कारण घराच्या वहिवाटा त्यांसच अचूक ठाऊक असतात. निजण्याची खोली, स्वैपाकघर, देवघर, व जिन्याखालची जागा हीं चारी स्थळें वर्ज्य समजावीं. जिन्याखालीं आग लागली तर वरच्या माणसांची वाटच खुंटते. गच्चीवरील पत्र्याच्या खोलींत उन्हाळ्यांत बॅटरी भाजून निघेल. उत्तरेकडील, सावलीची, वारा खेळती पडवी किंवा वेगळी खोली, फरशीपासून हातभर उंच कट्टा, जवळपास रद्दी, रॉकेल वा गाद्यांचा ढीग नाहीं, आणि मुलांचा हात पोंचणार नाहीं असें जाळीचें दार, एवढी सोय झाली म्हणजे पुष्कळ झालें. वाड्याच्या जागीं आतां सदनिका आल्या आहेत. तेथें शेजाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न असल्यामुळें सोसायटीची संमति घेतल्याविना बॅटरी वर चढवूं नये. भरण्याची मर्यादा ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवावी व वीस टक्क्यांखालीं उतरूं देऊं नये. म्हाताऱ्या माणसासारखें बॅटरीलाही आकंठ जेवण व कडकडीत उपास हीं दोन्ही मानवत नाहींत.

एवढी व्यवस्था ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं तूर्त नव्या, लहान, लोह-फॉस्फेटाच्या बॅटरीवर समाधान मानावें, किंवा पुरवठा अखंड असल्यास बॅटरीवांचूनच राहावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. विजेच्या मोटारींची पहिली मोठी पिढी येत्या कांहीं वर्षांत आपल्या देशांतही निवृत्त होऊं लागेल. नेक्सॉनसारख्या मोटारीच्या बॅटरीस आठ वर्षांची हमी दिलेली होती. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकांची मुदत २०२८ पासून भरत जाईल. तोंवर तपासणीच्या चांगल्या शाळा गांवोगांवीं निघाव्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुणांनीं हें काम हातीं घ्यावें, आणि पेन्शनर बॅटरीस दाखल्यासह घरांत येतां यावें, अशी आमची इच्छा आहे. आजी लुगड्याची गोधडी करण्यापूर्वीं तें उजेडाकडे धरून पाही, आणि जेथें जेथें विरलें असेल तेवढा भाग कापून बाजूला काढी. उरलेल्या धड कापडाचीच गोधडी होई. म्हणूनच तिचीं टांके घातलेलीं पांघरुणें दोन पिढ्यांना पुरलीं.